घोट्याचा नकार

पॅरिस, 1970. लॉर्ड आणि मारोत या दोन शल्यविशारदांनी एका रुग्णाला कृत्रिम खुबा बसवला. फक्त तो खुब्यात नव्हता, घोट्यात होता. आणि उलटा होता. मांडीच्या हाडात वरून खाली ठोकायचा लांब देठाचा गोळा त्यांनी खालून वर, नडगीच्या हाडात चढवला. घोट्याच्या मधोमध असलेलं टॅलस नावाचं हाड सबंध काढून टाकलं. टाचेच्या हाडात खोलगट वाटी बसवली, सिमेंटनं पक्की केली आणि गोळा त्या वाटीत टेकवला. झाला घोटा.

आज वाचताना हा निव्वळ जुगाड वाटतो. पण त्या काळात उभं राहून पाहिलं तर त्यात वेडेपणा नव्हता. खुब्याचा प्रश्न नुकताच सुटला होता, आणि एक कुलूप उघडलं की हातातली किल्ली शेजारच्या कुलपालाही लावून बघावीशी वाटतेच. 1973 साली या जोडीनं पहिल्या 12 रुग्णांचा अहवाल छापला. 1980 साली दुसरा अहवाल आला: दहा वर्षांचा अनुभव, 25 घोटे. त्यांपैकी 7 समाधानकारक, 12 सपशेल फसलेले. उलटा खुबा तिथेच संपला.

कृत्रिम घोट्याची गोष्ट बहुतेक जण 1970 पासून सांगतात. मला ती 1980 पासून सांगावीशी वाटते. पहिलं ऑपरेशन करायला धाडस लागतं, ते वैद्यकात कधी कमी पडलेलं नाही. आपल्याच हातचे 25 पाय दहा वर्षं नजरेखाली ठेवून, त्यातले किती बिघडले ते मोजून छापायला वेगळा स्वभाव लागतो. घोट्याच्या बाबतीत जे काही जमलं, ते असं मोजणाऱ्यांमुळे जमलं.

घोट्यानं या लोकांना इतकं का रडवलं, ते हाडांकडे पाहिल्यावर कळतं. नडगीचं जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचं काडीसारखं फिब्युला, ही दोन्ही खाली उतरून एक खाच तयार करतात. पायाला आतून-बाहेरून जी दोन टोकं हाताला लागतात, ती या खाचेच्या भिंती. त्या खाचेत टॅलस बसतो, सुतारानं चौकटीत आडवं लाकूड बसवावं तसा, पण मोकळा. या हाडाची तऱ्हाच न्यारी. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. पृष्ठभागाचा सुमारे 60 टक्के भाग गुळगुळीत कूर्चेनं मढलेला, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला दारं थोडी. वरून शरीराचा भार येतो, खालून जमिनीचा खडबडीतपणा, आणि मध्ये हे हाड दोघांशी जुळवून घेत असतं. प्राचीन रोममध्ये मेंढीच्या याच हाडाचे फासे करून जुगार खेळत. टॅलस हा शब्द फाशांसाठीही वापरला जाई. सत्तरच्या दशकातल्या शल्यविशारदांना हे आठवलं असतं तर कदाचित ते जरा जपून खेळले असते.

आता हिशेब पाहा. सपाट रस्त्यावर साधं चालताना, टाच उचलली जाते त्या क्षणी घोट्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ पाचपट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या घोट्यावर तीनशे किलो. प्रयोगशाळेत 500 न्यूटन भार देऊन मोजलं तेव्हा खुब्यात आणि गुडघ्यात हाडाशी हाड भिडण्याची जागा अकराशे चौरस मिलिमीटरच्या आसपास भरली, घोट्यात साडेतीनशे. म्हणजे एका रुपयाच्या नाण्याएवढी. कूर्चेचा थरही मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, गुडघ्याच्या मानानं पातळच.

इतकं असून म्हातारपणी घोटा गुडघ्यासारखा आपणहून झिजत नाही, ही त्याची खासियत. खाच आणि टॅलस एकमेकांत इतके चपखल बसलेले असतात की भार नीट वाटला जातो. तो बिघडतो तो बहुधा एकदा मोडल्यावर किंवा वाईट मुरगळल्यावर. आयोवात 639 झिजलेल्या घोट्यांचा अभ्यास झाला, त्यातल्या 70 टक्क्यांमागे जुनी दुखापत होती. आमवात 12 टक्क्यांत, आणि कारण न सापडलेले जेमतेम 7 टक्के. याचा एक परिणाम पुढच्या सगळ्या गोष्टीला पुरून उरतो: घोट्याचा रुग्ण गुडघ्याच्या रुग्णापेक्षा बहुधा तरुण असतो. त्याला नवा सांधा दहा वर्षं पुरून भागत नाही.

शंभर वर्षं या दुखण्यावर एकच खरा उपाय होता: सांधाच नाहीसा करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीअखेर एडुआर्ड आल्बर्ट या शल्यविशारदानं पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या पायांच्या एका 14 वर्षांच्या रुग्णाचे सांधे मुद्दाम गोठवले. कूर्चा काढायची, हाडाला हाड भिडवायचं आणि मोडलेलं हाड सांधतं तसं त्यांना जुळू द्यायचं. पाय वाकणार नाही, पण कोसळणारही नाही. या क्रियेला त्यानं ग्रीकमधून ‘आर्थ्रोडेसिस’ हे नाव दिलं, सांध्याचं बांधणं. हा आल्बर्ट मूळचा बोहेमियाचा, व्हिएन्नात प्राध्यापक झालेला, आणि फावल्या वेळात चेक कवितांची जर्मन भाषांतरं करणारा. मराठीत त्याच्या ऑपरेशनला आपण सरळ ‘सांधा जाम करणं’ म्हणतो.

जाम केलेला घोटा ऐकायला भयंकर वाटतो. प्रत्यक्षात बूट घालून सपाटीवर चालणाऱ्या माणसाचा घोटा जाम आहे हे पुष्कळदा शेजारून चालणाऱ्यालाही कळत नाही. पायाच्या मधले छोटे सांधे घोट्याचं थोडं काम अंगावर घेतात. कळतं ते उतारावर. चढताना दम लागतो, उतरताना घोटा लागतो. अनवाणी, ओल्या फरशीवर, नदीच्या गोट्यांवर, बसच्या उंच पायरीवरून खाली येताना तो पाय एकसंध ठोकळ्यासारखा पडतो. आणि जे छोटे सांधे अंगावर काम घेतात त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. 2001 साली असे 23 रुग्ण ऑपरेशननंतर सरासरी 22 वर्षांनी तपासले गेले. त्यांच्या पायांतल्या शेजारच्या सांध्यांची झीज दुसऱ्या, धडक्या पायापेक्षा कितीतरी जास्त होती. घोट्याचं दुखणं गेलं होतं खरं, पण ते खाली सरकलं होतं.

या जाम करण्याच्या ऑपरेशनला विसाव्या शतकात शिस्त लावणारा माणूस म्हणजे जॉन चार्नली. 1951 साली त्यानं घोट्यासाठी जी पद्धत मांडली तिच्यात हाडांतून आरपार सळया घालून बाहेरून शिकंज्यानं ती एकमेकांवर दाबली जात. दाबलेली हाडं लवकर जुळतात, हा त्याचा मुद्दा, आणि तो बरोबर निघाला. गंमत अशी की ज्यानं घोटा जाम करणं सोपं केलं, त्याच माणसानं पुढं खुबा असा काही मोकळा केला की सांधे जाम करणं लोकांना मागासलेलं वाटू लागलं.

लँकेशायरमधलं राइटिंग्टन हे पूर्वी क्षयरोग्यांचं रुग्णालय. तिथे 1958 पासून चार्नली टेफ्लॉनच्या वाट्या बसवून कृत्रिम खुबे करत होता. सुरुवातीला रुग्ण खूश, डॉक्टर खूश. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजायला लागलं, झिजलेल्या भुकटीभोवती गाठी होऊ लागल्या, हाड खाल्लं जाऊ लागलं. सुमारे तीनशे खुबे. टेफ्लॉन शरीराला सोसतं का हे पाहायला चार्नलीनं त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले, आणि त्याचं उत्तर त्याला सुजेच्या रूपानं मिळालं. बिघडलेले खुबे त्यानं एकेक करून स्वतः काढले.

अशा दिवसांत, मे 1962 मध्ये, एक विक्रेता राइटिंग्टनला आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या मागांना लागणारे प्लॅस्टिकचे भाग तो विकत असे. त्याच्याजवळच्या नव्या पॉलिथिलीनच्या तुकड्यात चार्नलीनं नख रुतवून पाहिलं आणि त्याला ते काही कामाचं वाटलं नाही. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याला मात्र ते सोडवेना. साहेब परदेशी गेले असताना त्यानं तो तुकडा घासणीच्या यंत्रावर लावून दिला. तीन आठवडे दिवस-रात्र यंत्र चालल्यावर प्लॅस्टिकची जेवढी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसात होत असे. त्या नोव्हेंबरात पॉलिथिलीनचा पहिला खुबा बसला. गिरण्यांच्या मागासाठी आणलेलं हे प्लॅस्टिक पुढं जगभरच्या खुब्यांत, गुडघ्यांत आणि अखेर घोट्यांतही गेलं. आपल्या गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

खुब्यापाठोपाठ गुडघा आला, आणि सत्तरच्या दशकात घोट्यासाठी रांग लागली. हँबुर्ग, लंडन, कॅलिफोर्निया, मिनेसोटा: ज्याचा-त्याचा आराखडा वेगळा. कुणी गोळा-वाटी केली, कुणी बिजागरी, कुणी दोन वक्र पृष्ठभाग नुसते एकमेकांवर ठेवले. जवळजवळ सगळ्यांनी सिमेंट वापरलं, आणि ते सिमेंट मावावं म्हणून हाड सढळ हातानं कापलं.

इथे चूक झाली. नडगीच्या तळाशी हाडाचा सांध्यालगतचा थर कठीण असतो. त्याच्या वर थोडं गेलं की हाड मऊ, स्पंजासारखं. सिमेंटसाठी तो कठीण थर कापला की नवा सांधा भुसभुशीत जमिनीवर रोवलेल्या खांबासारखा. त्यात बिजागरी. घोटा नुसता वर-खाली होत नाही, थोडा वळतोही. बिजागरीत तो वळ बसत नाही, मग तो सगळा सिमेंट आणि हाड यांच्या सांध्यावर जातो आणि सांधा हलू लागतो. म्हणून दुसऱ्यांनी बंधनच काढलं, तर टॅलस खाचेत सरकू लागला, बाजूच्या टोकांना घासू लागला. घट्ट केलं तर उपटतं, सैल सोडलं तर घसरतं. आणि या सगळ्याच्या आधी जखम भरायला हवी. पायाच्या पुढच्या अंगाला कातडी आणि कण्डरा यांच्यामध्ये मांसाचा आधार जवळजवळ नसतोच. टाके उसवले की आतला धातू उघडा.

लंडन हॉस्पिटलमध्ये मायकेल फ्रीमन यांचा गट होता. कृत्रिम गुडघ्याच्या कामात त्यांचं नाव मोठं. घोटाही त्यांना जमेल असं वाटणं साहजिक होतं. 1972 ते 1981 या काळात तिथे 62 घोटे बदलले गेले. त्यांपैकी 41 सरासरी साडेपाच वर्षांनी तपासले, तेव्हा समाधानकारक म्हणता येतील असे 13 भरले. 1985 साली हा अहवाल छापून आला. लेखकांत फ्रीमन स्वतः होते, आणि शिफारस अशी होती की दुखरा, झिजलेला घोटा जामच करावा, झीज कशानंही झालेली असो.

त्याच वर्षी, तो अहवाल छापणाऱ्याच ब्रिटिश नियतकालिकात ग्लासगोच्या हॅम्ब्लेन यांचं संपादकीय आलं. घोट्याचा सांधा बदलता येतो का, हा प्रश्न त्यांनी मथळ्यातच विचारला होता. सध्याच्या तंत्रानं तरी नाही, असं उत्तर दिलं होतं. वैद्यकीय नियतकालिकांत इतका सरळ नकार क्वचित छापला जातो. तिथे ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ म्हणून सुटका करून घ्यायची पद्धत आहे.

मिनेसोटात मेयो क्लिनिकचं काम आणखी मोठं होतं. तिथे 1974 पासून स्टॉफर यांचा आराखडा वापरला जात होता. नव्वदच्या दशकात हॅरॉल्ड किटाओका यांनी त्या 204 घोट्यांची मोजदाद केली: पाच वर्षांनी टिकलेले 79 टक्के, दहा वर्षांनी 65, पंधरा वर्षांनी 61. आकडे वरवर इतके वाईट दिसत नाहीत. पण ‘टिकलेला’ म्हणजे फक्त ‘काढून टाकावा न लागलेला’. दुखत असला तरी तो टिकलेल्यांतच मोजला जातो. त्याच संस्थेनं मग हा सांधा पुढं वापरू नये असं म्हटलं.

एव्हाना बहुतेक ठिकाणी कृत्रिम घोट्याची पेटी कपाटात गेली होती. पण सगळीकडे नाही.

दक्षिण डकोटातल्या सू फॉल्स या आडगावच्या म्हणाव्या अशा शहरात फ्रँक आल्व्हिन नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ होते. हॅम्ब्लेन यांच्या नकाराच्या आदल्या वर्षी, 1984 मध्ये, त्यांनी आपला पहिला घोटा बसवला होता. पाया रुंद हवा असेल तर एका हाडावर का विसंबायचं, असा त्यांचा विचार. नडगी आणि फिब्युला यांच्यामधला जोड त्यांनी स्क्रू घालून जाम केला आणि नवा सांधा दोन्ही हाडांवर टेकवला. एक सांधा हलता ठेवण्यासाठी दुसरा बांधून टाकायचा. मला यातला व्यवहारी शहाणपणा आवडतो, आल्बर्ट आणि चार्नली दोघंही त्यात एका घोट्यात नांदतात. त्यांच्या पहिल्या शंभर घोट्यांचा अहवाल 1998 साली आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण अजिबात दुखत नाही असं सांगत होते. मात्र हेच ऑपरेशन दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर चित्र बदललं. 2004 साली आलेल्या एका मोठ्या अहवालात 306 रांगेनं केलेल्या ऑपरेशनांपैकी 85 घोटे पुन्हा उघडावे लागले होते. ज्यानं आराखडा केला त्याच्याच रुग्णांवरून त्या आराखड्याचं भविष्य सांगू नये, हा धडा या क्षेत्राला तिथे मिळाला.

घट्ट-सैलच्या पेचावर खरी तोड निघाली ती तिसऱ्या तुकड्यानं. न्यू जर्सीत फ्रेडरिक ब्युकेल हे शल्यविशारद आणि मायकेल पापास हे अभियंता जोडीनं काम करत. त्यांनी वरच्या आणि खालच्या धातूच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक सुटा तुकडा ठेवला. खालचं अंग टॅलसच्या गोलाईत चपखल बसलेलं, वरचं अंग सपाट. वरच्या धातूवर तो इकडे-तिकडे सरकतो, वळतो. म्हणजे चपखलपणाही राहिला आणि वळायची मोकळीकही. बिजागरीतून जो वळ हाडापर्यंत जायचा तो आता प्लॅस्टिकच पचवू लागलं.

कोपनहेगनमध्ये हाकोन कोफोड वेगळ्या वाटेनं तिथेच पोचले. 1981 साली त्यांनी बसवलेला घोटा दोन तुकड्यांचा आणि सिमेंटचा होता. 1986 मध्ये त्यांनी तिसरा तुकडा आणला. 1990 मध्ये सिमेंट सोडलं. त्याऐवजी धातूवर असा लेप दिला की हाड स्वतःच त्यावर वाढून त्याला धरील. हाड कमीत कमी कापायचं, नडगीच्या तळाचा कठीण थर वाचवायचा. एकाच माणसानं नऊ वर्षांत आपलाच आराखडा दोनदा मोडून मांडला आणि जुन्या रुग्णांचा माग सोडला नाही. 1998 साली त्यांनी आपल्या सिमेंटच्या काळातल्या 52 घोट्यांचे आकडे दिले: 14 वर्षांनी टिकलेले सुमारे तीन-चतुर्थांश, झीजवाले आणि आमवातवाले दोन्ही जवळपास सारखेच. हॅम्ब्लेन यांच्या नकारानंतर तेरा वर्षांनी आलेलं हे उत्तर. ते ‘हो’ नव्हतं, पण ‘नाही’ म्हणणं आता अवघड झालं.

अमेरिकेनं कोफोड यांच्या या तीन तुकड्यांच्या घोट्याला परवानगी दिली ती 27 मे 2009 रोजी, घोटा जाम केलेल्या रुग्णांशी तुलना करणारी चाचणी करून घेतल्यावर. पुढच्या दशकात आराखडे भराभर वाढले. सीटी स्कॅनवरून प्रत्येक रुग्णाच्या हाडासाठी वेगळे साचे छापून घेऊन कापणीची जागा ठरवणं हेही आलं. त्या यादीत शिरण्यात मला रस नाही. रस आहे तो स्वीडनच्या नोंदवहीत. तिथे देशातला प्रत्येक बदललेला घोटा नोंदला जातो, मग तो नावाजलेल्या प्राध्यापकानं बसवलेला असो की जिल्ह्याच्या रुग्णालयात. 2011 सालच्या अहवालातल्या 780 घोट्यांपैकी पाच वर्षांनी टिकलेले 81 टक्के, दहा वर्षांनी 69 टक्के. खुब्याचे आकडे याहून कितीतरी चांगले असतात. तरीही हे आकडे खरे मानावेत, कारण त्यांत कुणी आपले चांगले रुग्ण निवडून घातलेले नाहीत.

आता तो प्रश्न, जो आपल्याकडचा प्रत्येक रुग्ण डॉक्टरांसमोर बसल्यावर पाच मिनिटांच्या आत विचारतो: खाली बसता येईल का?

मेयोच्या घोट्यांची मोजदाद करणारे किटाओका 1994 साली आणखी एका कामाचे प्रमुख लेखक होते. घोट्याचं ऑपरेशन कितपत यशस्वी झालं हे सगळ्यांनी एकाच मापानं मोजावं म्हणून त्यांनी शंभर गुणांची एक गुणपत्रिका केली. दुखण्याला 40 गुण, हालचाल-कामकाजाला 50, पायाच्या सरळपणाला 10. पुढची कित्येक वर्षं जगभर घोटे याच मापानं मोजले गेले. तिच्यात विचारलं जातं, किती ‘ब्लॉक’ चालता येतं. सहापेक्षा जास्त, की एकही नाही. खडबडीत जमीन, जिने, उतार, शिडी यांवर त्रास होतो का, हेही विचारलं जातं. उकिडवं बसता येतं का, हा प्रश्न नाही. मांडी घालता येते का, जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, हेही नाही. अमेरिकन शहरातल्या चौकांनी आखलेली ती पत्रिका होती. चुलीपुढं, शेतात भांगलताना, नळावर धुणं धुताना, जुन्या पद्धतीच्या संडासात माणूस कसा बसतो हे तिच्या कामाचं नव्हतं.

आणि विचारलं असतं तरी उत्तर फारसं सुखाचं आलं नसतं. सपाटीवर चालायला पाऊल वर दहा अंश आणि खाली वीस अंश वळलं तरी भागतं. उकिडवं बसायला नडगी पावलावर इतकी पुढं झुकावी लागते की दहा अंशांनी काहीच होत नाही. टाच उचलली जाते आणि माणूस मागे कलंडतो. नवा घोटा ऑपरेशनच्या आधी होता त्यापेक्षा सहसा फार जास्त वाकत नाही. वर्षानुवर्षं आखडलेल्या कण्डरा आणि सांध्याभोवतीचं आवरण धातूनं सैल होत नाही. जाते ती वेदना. सांधा बदलून हालचाल ‘परत मिळते’ असं म्हणतात तेव्हा तिचा बराचसा अर्थ एवढाच असतो की होती तेवढीच हालचाल आता न दुखता करता येते. एरवी भाजी आणायला जायचं म्हणजे घरातून निघताना परतीची पावलं मोजणाऱ्या माणसाला हे थोडं नाही. पण पंगतीत बसायच्या आशेनं आलेल्या रुग्णाला ऑपरेशनच्या आधी कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं, आणि त्याला ते परक्या गुणपत्रिकेत सापडणार नाही.

जाम करणं बरं की बदलणं बरं, हा वाद चाळीस वर्षं अनुभवावर, आठवणींवर आणि ज्याच्या-त्याच्या हातखंड्यावर चालला. तो नाणं उडवून, म्हणजे कुणाला कोणतं ऑपरेशन हे चिठ्ठीनं ठरवून, पहिल्यांदा नीट तपासला गेला तो ब्रिटनमध्ये. 2015 ते 2019 या काळात 17 रुग्णालयांतले, 50 ते 85 वयाचे 303 रुग्ण यात घेतले गेले. 2022 च्या अखेरीस निकाल आला. वर्षभरानंतर चालणं आणि उभं राहणं दोन्ही गटांत चांगलंच सुधारलं होतं. बदललेला घोटा किंचित पुढं होता, पण इतका नाही की तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता यावं. त्रास मात्र वेगवेगळे. घोटा बदललेल्यांत जखम उशिरा भरणं आणि नसांना इजा होणं जास्त. जाम केलेल्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांची हाडं एक्स-रेमध्ये जुळलेलीच दिसली नाहीत. सत्तरच्या दशकात ज्याच्यापुढं नवा सांधा उभाही राहू शकत नव्हता, त्या जुन्या ऑपरेशनाच्या तो आता बरोबरीला आला होता. आल्बर्टच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं ऑपरेशन 140 वर्षांनंतरही हरलेलं नव्हतं.

या निकालाच्या दीड वर्ष आधी, मार्च 2021 मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2009 साली परवानगी दिलेल्या त्याच तीन तुकड्यांच्या घोट्याबद्दल डॉक्टरांना आणि रुग्णांना सूचना काढली. मधला प्लॅस्टिकचा तुकडा अपेक्षेपेक्षा जास्त रुग्णांत तुटत होता. पातळ तुकडे अधिक. तुटला की आतून करकर आवाज, नवी कळ, आणि पुन्हा ऑपरेशन.

एक कारण आराखड्यात नव्हतंच. ऑगस्ट 2014 च्या आधी तयार झालेले तुकडे ज्या पाकिटांत बंद करून रुग्णालयांत जात, त्या पाकिटांना धातूच्या पन्नीचं अस्तर नव्हतं. कपाटात महिनोन्‌महिने पडून असताना पाकिटातून हवा आत झिरपे, तिच्यातला प्राणवायू पॉलिथिलीनशी हळूहळू संयोग पावे आणि प्लॅस्टिक ठिसूळ होत जाई. क्रेव्हनच्या यंत्रावर तीन आठवडे टिकलेलं ते प्लॅस्टिक साध्या हवेपुढं नमलं होतं. पाकिटं पुढं बदलली. पण जुन्या पाकिटांतले तुकडे तोवर माणसांच्या पायांत जाऊन बसले होते, रोज काही हजार पावलं चालत होते. ते कुणाकुणाच्या घोट्यात आहेत, किती मिलिमीटर जाडीचे आहेत आणि त्यातले किती तुटले, हे आता शल्यविशारद जुन्या वह्या उघडून एकेक करून मोजत आहेत.